वगळलेलं

पोरगा मस्कतहून हप्ता भरतो दर वर्षी,
म्हणून माझ्याकडे पाच लाखांचं शरीर आहे.
असं तेजस केळुसकर म्हणाला, विम्याचा,
सर्जेकोटच्या धक्क्यावर माझ्या बाजूला
पँटीला खवले लागू नयेत म्हणून रुमाल अंथरून बसत.

हृदय चालेल, म्हणाला. मूत्रपिंड चालेल.
खुबा मोडला तर खुबा.
डोक्यात गाठ झाली तर थेट कोल्हापूरला,
खिशातला एक पैसा न काढता.
मी म्हटलं, बरं.
आणि दात?

त्याने पान एकोणीस काढलं.
अक्षर मुंगीएवढं, मला दिसेना,
म्हणून त्यानेच वाचलं; मला ऐकू येईना,
म्हणून तो ओरडला,
आणि मासे निवडणाऱ्या सगळ्या बायकांना कळलं
की लवू खवणेकराचे दात, चष्मा आणि कान
वगळलेले आहेत.

हे तिघे जणू माझ्या डोक्यात भाड्याने राहत होते
आणि घरपट्टी माझ्या नावावर.

त्रेपन्न वर्षं मी जाळी दुरुस्त करतो.
तंगूस दाताने तोडतो. तोडायचो.
जाळ्याचा फाटलेला डोळा आता बोटाने शोधतो,
माझ्या दोघांना तो दिसत नाही.
आणि 'रत्नसागर' खाडीच्या तोंडाशी आली
की तिच्या इंजिनाच्या खोकल्यावरून सांगायचो
आज बांगडा आहे
की नुसता बर्फ फिरून परत आलाय.
हृदयाने मी काही काम केल्याचं
मला आठवत नाही.

मोतीबिंदू मिळेल, तेजस म्हणाला, दोन वर्षं थांबलात तर.
चष्मा नाही. चष्मा हा शौक.
दात अपघातात मोडला
आणि चोवीस तास खाटेवर काढलेत, तर विचार होईल.
"म्हणजे पडाक व्हया," मी म्हटलं,
"आणि तोंडारच."
तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं त्याने.

त्याच्यावर रागावू कसा? मलाही हेच येतं.
विणायला बसताना पहिल्यांदा पट्टी घ्यायची, डोळ्याचं माप ठरवायचं.
काय धरायचं ते नंतर,
काय सोडायचं ते आधी ठरतं.
सुरमईचं जाळं पेडवे मोजत नाही.
कुठल्यातरी गार खोलीत कुणीतरी
पट्टी लावून हे विणलंय.
गाठी पक्क्या आहेत. मी बोट घालून पाहिलं.

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी कवळीचे अठ्ठावीस हजार सांगितले,
दुसऱ्या दुकानात कानाच्या यंत्राचे एकोणीस, एका कानाचे.
शेवंतीने विचारलं, दोन माणसांना एक चालतं काय?
दुकानदाराला वाटलं ती थट्टा करतेय.

एकच घेतलं.
सकाळी माझ्याकडे, होडी येईपर्यंत.
दुपारी कुणाकडेच नाही; दुपारी आम्ही भांडत नाही.
संध्याकाळी तिच्याकडे, कारण पनवेलहून सुगंधाचा फोन येतो
आणि नातू आता अख्खी वाक्यं बोलतो.
ती वाक्यं शेवंती मला पुन्हा म्हणून दाखवते, सावकाश,
आणि मी तिच्या ओठांवरून वाचतो,
तिचाच चष्मा लावून.

कवळी राहिली.
पेजेला दात लागत नाहीत. सोलकढीलाही नाहीत.
बांगड्याचा काटा हिरडीला कळतो, थोडा उशिरा.

रात्री यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवतो.
खारी हवा त्याला मानवत नाही,
आणि खाऱ्या हवेने बिघडलं तर तेही वगळलेलं,
हमीच्या कागदावर, पान दोन.
मग दिवा घालवतो.
भरती असणार. वाजत असणार.
काळोखात शेवंती काहीतरी म्हणते,
तिचा श्वास गालाला लागतो,
आणि मी म्हणतो, होय.